१६० काड्या की ३२ दाढा? बाँडिंग एजंटच्या एका तुलनेचं प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या एका डेंटल कॉलेजच्या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे दात भरण्याच्या, विभागातलं आहे. एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण, घेणाऱ्या विद्यार्थिनीचा थिसिस, तिच्या गाईड मॅडम, विभागाचे प्रमुख (एचओडी) आणि आकडेवारीसाठी बोलावलेला मी, एवढेच लोक यात आहेत. ओळख पटू नये म्हणून कॉलेजचं आणि कंपन्यांची नावं गाळली आहेत. मोजमापं थोडी बदलून गोल केली आहेत. खालचं सगळं गणित या बदललेल्या आकड्यांवर नव्याने करून घेतलं आहे, त्यामुळे ज्याला कागद-पेन घेऊन पडताळून पाहायचं असेल त्याने जरूर पाहावं.

पार्श्वभूमी

दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट फिलिंग दाताला आपोआप चिकटत नाही; मध्ये चिकटवणारं द्रव्य, म्हणजे बाँडिंग एजंट, लागतं. मायकल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये इनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कडक थरावर) अॅसिड लावून पृष्ठभाग खडबडीत केला तर रेझिन घट्ट धरतं हे दाखवलं. इनॅमलचं त्यामुळे सोपं झालं, त्याच्या आतल्या डेंटिनचं मात्र नाही. डेंटिनमध्ये पाणी असतं, कोलॅजनचं जाळं असतं, बारीक नळ्या असतात. नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये रेझिन आणि कोलॅजन एकमेकांत मुरून तयार होणाऱ्या हायब्रिड लेअरचं वर्णन केलं. आजचे बाँडिंग एजंट हाच थर चांगला कसा जमेल या खटपटीत असतात.

या विभागाच्या ओपीडीत बरीच वर्षं एकच स्वस्त बाँडिंग एजंट वापरात होता. आधी फॉस्फोरिक अॅसिडने एचिंग करायचं (म्हणजे पृष्ठभाग खडबडीत करायचा) आणि मग प्रायमर-बाँड एकत्र असलेली एकच बाटली, त्यात सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारं द्रव, अॅसिटोन. त्याला आपण 'घ' म्हणू. एचओडींच्या मनात तो बदलून दोन टप्प्यांचा सेल्फ-एच (स्वतःच एचिंग करणारा) एजंट घ्यावा असं होतं. तो 'क', आणि तो बराच महाग. तुलनेत आणखी दोन होते: तीन टप्प्यांचा जुना एच-अँड-रिन्स (एचिंग करून धुवून घ्यायचा), तो 'ख', आणि सेल्फ-एच पद्धतीने वापरलेला एक युनिव्हर्सल (दोन्ही पद्धतींनी चालणारा) एजंट, तो 'ग'. खरेदीचा प्रस्ताव वर पाठवायचा तर हातात काहीतरी हवं, म्हणून हा विषय थिसिसला दिला गेला.

काम मन लावून झालं होतं. ओरल सर्जरी विभागातून काढलेल्या अक्कलदाढा जमवल्या, ०.५ टक्के क्लोरामाइन-टीमध्ये आणि मग ४ अंशावर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवल्या. वरचा इनॅमल कापून सपाट डेंटिन उघडं केलं, ६०० ग्रिटच्या पेपरवर घासून सगळीकडे सारखा स्मिअर लेअर (घासल्याने बसणारा भुकटीचा थर) आणला. बाँडिंग करून वर कॉम्पोझिट चढवलं. एक दिवस पाण्यात ठेवून डायमंडच्या चकतीने पाण्याखाली उभे-आडवे काप घेतले, की दाढेचे जवळपास ०.९ मिलिमीटर चौरसाचे लांबट तुकडे होतात. अर्धं डेंटिन, अर्धं कॉम्पोझिट, मधोमध बाँड. विभागात सगळे त्यांना काड्याच म्हणत. हीच मायक्रोटेन्साइल पद्धत, हिदेहिको सानो आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडलेली.

प्रत्येक गटात ८ दाढा, प्रत्येक दाढेच्या मधल्या भागातल्या ५ काड्या. म्हणजे ३२ दाढा, १६० काड्या. ओढून तोडण्याचं मशीन कॉलेजात नव्हतं. ते पूर्व उपनगरातल्या एका मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये होतं. विद्यार्थिनी ओल्या गॉझमध्ये गुंडाळलेल्या काड्यांच्या डब्या घेऊन सेंट्रलच्या लोकलने जायची, गर्दीच्या वेळा टाळून. ताकद मेगापास्कलमध्ये, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन जोर लागला यात, मोजतात. ३० मेगापास्कल हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण ०.८१ चौरस मिलिमीटरच्या काडीवर तो सुमारे २४ न्यूटन होतो, म्हणजे अडीच किलोच्या आसपास वजन. कॅलिपरने बाजू मोजताना दोन्हीकडे ०.०५ मिलिमीटरची गफलत झाली, तर क्षेत्रफळात ११ टक्के फरक पडतो आणि तेवढाच मेगापास्कलमध्ये. तिने प्रत्येक बाजू दोन ठिकाणी मोजली होती. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याचा हाताच्या कामातल्या निष्काळजीपणाशी संबंध नाही.

अडचण

माझ्याकडे फाइल आली तेव्हा निकाल तयार होता. सरासरी अशा: क ३८, ख ३५, ग ३३, घ ३० मेगापास्कल. एसडी (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) सगळ्यांची साडेआठच्या आसपास. एसपीएसएस या सॉफ्टवेअरमध्ये १६० ओळी टाकून वन-वे अनोव्हा (गटांच्या सरासरींत खरा फरक आहे का, ही चाचणी) चालवला होता: एफ, म्हणजे गटागटांतला फरक भागिले गटाच्या आतला फरक, ६.२५; पी, म्हणजे खरा फरक नसताना योगायोगाने इतका किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी. त्यावर टुकी टेस्ट (कोणत्या जोडीत फरक आहे ते दाखवणारी), आणि तीन जोड्या 'सिग्निफिकंट', म्हणजे पी ०.०५ पेक्षा कमी: क-घ, क-ग, ख-घ. निष्कर्षात लिहिलं होतं की क सर्वोत्तम, घ सर्वात कमकुवत. मला फक्त 'टेबल एकदा बघून द्या' इतकंच काम होतं.

एक गोष्ट आधीच बरी केलेली होती. चार गटांच्या सहा जोड्या होतात, आणि सहाही जोड्यांना वेगवेगळी टी-टेस्ट लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. प्रत्येक टेस्टमध्ये ५ टक्के चुकीची शक्यता धरली आणि टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर सहांत मिळून निदान एकदा खोटा फरक दिसण्याची शक्यता साधारण २६ टक्क्यांवर जाते. तिने अनोव्हा आणि टुकी घेऊन हे टाळलं होतं.

पण मास्टर चार्टमध्ये (सगळ्या मोजमापांच्या तक्त्यात) दाढ क्रमांकाचा रकानाच नव्हता. काडी १ ते काडी १६०, गट आणि मेगापास्कल, बस. अनोव्हा मुळात दोन प्रकारच्या फरकांची तुलना करतं: गटागटांतला फरक एका बाजूला आणि गटाच्या आतली स्वाभाविक उलथापालथ दुसऱ्या बाजूला. आतली उलथापालथ मोजताना ते गृहीत धरतं की प्रत्येक ओळ बाकीच्यांपासून स्वतंत्र आहे. एकाच दाढेच्या पाच काड्या स्वतंत्र कशा असतील? तेच डेंटिन, तीच खोली, तोच रुग्ण, तोच बाँडिंगचा क्षण. एकाच हापूसच्या पाच फोडी चाखून पाच आंबे चाखले असं कोणी म्हणत नाही.

स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल लिहिताना या प्रकाराला स्यूडोरेप्लिकेशन (नमुन्यांची खोटी वाढ) म्हटलं. डेंटल मटेरियल्सच्या शोधनिबंधांत तो इतका रुळलेला आहे की विद्यार्थिनीचं पहिलं उत्तर अपेक्षितच होतं: "सर, आमच्याकडे सगळ्यांचे थिसिस असेच आहेत. मंजूर झालेत."

त्यातच सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आधी मंजूर होणाऱ्या आराखड्यात) 'प्रत्येक गटात नमुने ४०' असं लिहून ते मंजूर करून घेतलेलं. म्हणजे घोळ विश्लेषणाच्या टप्प्यावर झालेला नव्हता. तो नमुना-संख्या काढतानाच आत आला होता.

पहिला निर्णय: मोजायचं काय

प्रयोगवहीत दाढ क्रमांक होते, म्हणून वाचलो. एक संध्याकाळ बसून १६० ओळींना दाढ क्रमांक लावले. मग प्रत्येक दाढेच्या पाच काड्यांची सरासरी काढली आणि ३२ आकडे हातात आले. गटांच्या सरासरी अर्थातच त्याच राहिल्या. दाढांच्या सरासरींची एसडी ६ आली.

आता अनोव्हा पुन्हा. चार सरासरींचा मधला आकडा ३४, त्यापासूनची अंतरं ४, १, −१, −४. वर्गांची बेरीज ३४, भागिले ३, गुणिले ८ दाढा: ९०.७. गटाच्या आतलं वर्गमाध्य म्हणजे एसडी ६ चा वर्ग, ३६. एफ म्हणजे ९०.७ भागिले ३६, २.५२. डिग्रीज ऑफ फ्रीडम ३ (गट उणे एक) आणि २८ (दाढा उणे गट). पी ५ टक्क्यांखाली जायला एफ हवा असतो २.९५. पी ०.०८ च्या आसपास.

ते टेबल बघून गाईड मॅडम थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला रास्त वाटला: सरासरी काढून आपण माहिती फेकून देत नाही का? एवढ्या काड्या कापल्या, त्या वाया गेल्या?

वाया गेल्या नाहीत. हेच नेस्टेड अनोव्हाने केलं, म्हणजे काड्या दाढेच्या आत आणि दाढा गटाच्या आत अशी मांडणी ठेवून १६०च्या १६० आकडे वापरले, तरी गटाचा एफ तोच येतो. गटाचं वर्गमाध्य ४५३.३, दाढांचं १८०, भागाकार २.५२. प्रत्येक दाढेतून सारख्याच काड्या असल्या की दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोचतात. काड्यांची संख्या कमी-जास्त असती तर मात्र मी मिक्स्ड मॉडेलच घ्यायला सांगितलं असतं, दाढ रँडम इफेक्ट (दाढेदाढेतला फरक वेगळा धरणारा घटक) म्हणून टाकून.

नेस्टेड मांडणीचा फायदा वेगळा आहे. फरक कुठून येतो ते ती दाखवते. एकाच दाढेतल्या काड्यांमधला व्हेरिअन्स (एसडीचा वर्ग) ४९ होता आणि दाढेदाढेतला सुमारे २६. म्हणजे एकूण फरकापैकी एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग 'कोणती दाढ' यावरच ठरत होता. याचा व्यवहारातला अर्थ मी त्यांना असा दाखवला: समजा प्रत्येक दाढेतून पाचऐवजी दहा काड्या कापल्या असत्या. दाढेच्या सरासरीचा व्हेरिअन्स ३६ वरून ३१ वर आला असता आणि एफ २.९२ झाला असता. दुप्पट कापाकापी, लोकलच्या दुप्पट फेऱ्या, लॅबचं दुप्पट बिल, आणि तरी २.९५ च्या अलीकडेच. तेच दाढा दुप्पट केल्या असत्या तर गणित पार बदललं असतं. हे कळल्यावर मॅडमनी वाद सोडला.

टुकीचंही तसंच. दाढ हे एकक धरल्यावर दोन सरासरींत निदान ८.१९ चा फरक लागतो. क आणि घ मध्ये होता ८. विद्यार्थिनी कॅल्क्युलेटरवर ते दोनदा करून बघत होती.

दुसरा निर्णय: सुटलेल्या काड्यांचं काय

दाढ क्रमांक शोधताना वहीत आणखी एक गोष्ट सापडली. घ गटातल्या तीन दाढांपुढे लहान अक्षरात लिहिलं होतं की कापतानाच तीन-तीन काड्या बाँडमधून सुटल्या, त्यांच्या जागी शेजारच्या घेतल्या. बाकीच्या तीन गटांत अशी नोंद एकही नाही.

मायक्रोटेन्साइलमध्ये हे नेहमीचं आहे. कापताना चकतीची थरथर बाँडवर येते, कमजोर बाँड मशीनपर्यंत पोचतच नाही. पण सुटलेली काडी टाकून टिकलेली घेतली, की आपण फक्त वाचलेल्यांचीच ताकद मोजतो. घ ची ३० ही सरासरी त्यामुळे फुगलेली होती.

मग काय करायचं? काही अभ्यासक अशा काडीला शून्य धरतात, काही त्या गटातली सर्वात कमी किंमत देतात, काही वगळतात आणि नुसती संख्या देतात. सर्वमान्य असं उत्तर नाही. आम्ही शून्य धरून पाहिलं. घ च्या आठ दाढांच्या सरासरी होत्या २२, २३, २६, ३०, ३१, ३३, ३६, ३९. काड्या सुटल्या त्या पहिल्या तीन दाढांच्या. त्या तिघींत मोजलेल्या पाच आणि सुटलेल्या तीन अशा आठांची सरासरी घेतली तर आकडे १३.८, १४.४, १६.३ वर उतरतात. गटाची सरासरी २६.७, एसडी १०.२. साधा अनोव्हा: एफ ३.४४, पी ०.०३.

खोलीत एकदम उत्साह आला. सिग्निफिकंट! आणि तेही बाँड सुटण्याची नोंद प्रामाणिकपणे धरून.

पण एका गटाची एसडी १०.२ आणि बाकीच्यांची ६, म्हणजे व्हेरिअन्समध्ये जवळपास तिप्पट फरक. साधा अनोव्हा सगळ्या गटांचा आतला फरक सारखा आहे असं धरून चालतो. अशा वेळी वेल्चची १९५१ ची पद्धत वापरतात, जी प्रत्येक गटाला त्याच्या स्वतःच्या व्हेरिअन्सनुसार वजन देते. वेल्चने एफ आला २.४३ आणि पी ०.१० च्या किंचित वर.

आतापर्यंत त्याच ३२ दाढांनी चार उत्तरं दिली होती: ०.००१ पेक्षा कमी, ०.०८, ०.०३ आणि ०.१०. यातलं हवं ते उचलून बाकीची झाकून ठेवणं अगदी सोपं होतं, आणि कोणाला कळलंही नसतं.

ठरलं ते असं. मुख्य विश्लेषण एकच: दाढ हे एकक, प्रोटोकॉलप्रमाणे मोजलेल्या पाच काड्यांची सरासरी, साधा अनोव्हा. शून्य धरलेलं विश्लेषण दुय्यम म्हणून, आणि ते वेल्चने, कारण तिथे व्हेरिअन्स उघडउघड वेगळे आहेत. सुटलेल्या काड्यांची गटवार संख्या मुख्य टेबलमध्येच, तळटीपेत नाही. सगळे आकडे पाहून झाल्यावर हे ठरवावं लागलं ही यातली लंगडी बाजू, आणि तसं थिसिसमध्ये लिहिलं.

तिसरा निर्णय: त्या तीन दाढा

तीनच दाढा का, हा प्रश्न मॅडमच्या मनातून जात नव्हता. त्यांनी वही स्वतः चाळली. तिन्ही दाढांचं बाँडिंग एकाच दुपारी झालेलं, जुलैमध्ये. त्या पानाच्या तळाशी विद्यार्थिनीच्या अक्षरात: 'घ ची बाटली तळाला आली, उद्या नवी.' पुढच्या पाच दाढा नव्या बाटलीतल्या, आणि त्यांची सरासरी ३३.८. ग गटाच्या ३३ पेक्षा किंचित वरच.

अॅसिटोन भराभर उडतं. ओपीडीत दिवसभर झाकण उघड-बंद होणाऱ्या बाटलीत शेवटी उरतं ते दाट, कमी सॉल्व्हंटचं मिश्रण, आणि ते ओल्या कोलॅजनमध्ये नीट शिरत नाही. शिवाय असे एजंट डेंटिन किती ओलं ठेवलं यावरही फार अवलंबून असतात. जास्त वाळवलं तर कोलॅजन बसतं, जास्त ओलं राहिलं तर रेझिन पातळ होतं. मॅडमना हे अनुभवाने ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "मग त्या तीन दाढा काढून टाकू या. बाटली खराब होती, एजंट नाही."

हा युक्तिवाद ऐकायला पटतो, म्हणूनच त्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. माझं म्हणणं दोन भागांत होतं. एक, निकाल पाहून वगळणं: त्या दाढांनी ३९ दिले असते तर बाटलीची नोंद कोणी शोधली असती का? दोन, ओपीडीत रुग्णाच्या दाताला तळाची बाटलीच लागते. विभागाला जो निर्णय घ्यायचा आहे त्यासाठी तळाच्या बाटलीची कामगिरी हाही घ चाच भाग आहे. एचओडींनी दुसरा मुद्दा लगेच उचलला, कारण स्टोअरमधून बाटल्या कशा येतात आणि कशा पुरवून वापरल्या जातात ते त्यांना रोजचं होतं.

दाढा राहिल्या. बाटलीची नोंद चर्चेच्या प्रकरणात तपशिलाने आली.

पण त्या पानांवरून त्याहून गंभीर गोष्ट लक्षात आली. बाँडिंग गटवार झालं होतं. आधी क च्या सगळ्या दाढा, मग ख, मग ग, शेवटी घ. म्हणजे 'एजंट' आणि 'दिवस' एकमेकांत पूर्ण गुंतलेले. क जूनच्या सुरुवातीला, घ भर पावसात. हात बसत गेला तो वेगळाच. अनोव्हाला गटांत जो फरक दिसतो त्यातला किती एजंटचा आणि किती दिवसाचा, हे आता कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटणार नव्हतं.

चौथा निर्णय: आणखी दाढा घ्यायच्या का

हा प्रस्ताव विद्यार्थिनीचा. प्रत्येक गटात चार दाढा वाढवल्या तर पी खाली येईल, मुदतीत बसवते, असं तिचं म्हणणं. मेहनतीची तयारी होती, म्हणून नाही म्हणणं जड गेलं.

पण ०.०८ पाहून नमुने वाढवायचे, मग पुन्हा टेस्ट करायची, ०.०५ च्या खाली आलं की थांबायचं, असं केल्यावर ५ टक्क्यांची चूक ५ टक्के राहत नाही. ती वाढते, आणि किती वाढली ते शेवटच्या टेबलमध्ये कुठेही दिसत नाही. मध्येच पाहण्याच्या रीतसर पद्धती आहेत, पण त्या आधी ठरवाव्या लागतात. शिवाय नव्या दाढा नव्या दिवसांवर गेल्या असत्या, म्हणजे दिवसाचा गुंता आणखी वाढला असता. नमुने वाढवले नाहीत.

प्रत्यक्ष कृती आणि लिखाण

मंजूर सिनॉप्सिसमध्ये ४० काड्या, आणि थिसिसमध्ये ८ दाढा. हा बदल लपवायचा नाही असं ठरलं. पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद घातला: मूळ योजना काय, ती का बदलली, मूळ विश्लेषणाचा निकाल काय होता. तो जुना एफ ६.२५ परिशिष्टात टेबलसकट ठेवला.

नॉर्मॅलिटीची टेस्ट (आकडे घंटाकृती वितरणात बसतात का) कच्च्या आकड्यांवर केली होती, ती रेसिड्युअल्सवर (प्रत्येक आकडा उणे त्याच्या गटाची सरासरी) केली. गटात आठच आकडे असताना अशा टेस्टला फारसा दम नसतो, त्यामुळे आलेख पाहण्यावर भर दिला. तुटलेल्या काड्या स्टिरिओमायक्रोस्कोपखाली पाहून बाँड सुटला की डेंटिनच फाटलं याची नोंद होतीच. डेंटिन फाटलं तर तो आकडा बाँडच्या ताकदीचा नसतो, एवढं वाक्य जोडलं.

सगळ्यात जास्त खाडाखोड निष्कर्षाच्या पानावर झाली. पी ०.०८ म्हटल्यावर विद्यार्थिनीने नवीन मसुद्यात लिहिलं: 'चारही बाँडिंग एजंटची ताकद सारखीच आहे.' एका टोकावरून थेट दुसऱ्या टोकाला. फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. क आणि घ मधल्या फरकाची ९५ टक्के मर्यादा टुकीप्रमाणे −०.२ ते १६.२ मेगापास्कल अशी होती. म्हणजे फरक जवळपास शून्यही असू शकतो आणि १६ ही. घ च्या ३० च्या निम्म्याहून जास्त फरक ज्या मर्यादेत बसतो, तिला 'सारखेच' म्हणता येत नाही. अखेर वाक्य असं झालं की या नमुना-संख्येत फरक आहे किंवा नाही असं ठामपणे सांगता येत नाही, क आणि घ मध्ये ८ मेगापास्कलचा अंदाजित फरक दिसतो, आणि कापताना बाँड सुटण्याचा प्रकार फक्त घ मध्ये आढळला.

निष्पत्ती

थिसिस वेळेत गेला. व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न नमुना-संख्येवर विचारला: बाकीचे ४०-५० घेतात, तुमचे आठच का? तिने काडी आणि दाढ यांचा फरक सांगितला आणि दहा काड्या कापूनही एफ २.९२ वरच अडकला असता हे गणित फळ्यावर करून दाखवलं. परीक्षकांनी पुढचा प्रश्न फॉस्फोरिक अॅसिडवर विचारला.

खरेदीच्या बाबतीत एचओडींनी क चा प्रस्ताव थांबवला. त्याऐवजी ओपीडीत घ च्या बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची आणि झाकण लगेच लावायचं, असा नियम केला. या अभ्यासातून तो नियम सिद्ध होतो असं मी म्हणणार नाही. तीन दाढा आणि एक दुपार एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही. पण त्याला खर्च नाही, आणि अॅसिटोन उडतं याला आमच्या पीची गरज नाही.

मूळ १६० काड्यांचा निकाल छापून आणला असता तर एखादं जर्नल मिळालं असतं, ही हळहळ मॅडमना राहिली. मला ती समजते. एमडीएसच्या विद्यार्थ्यावर छापण्याचा दबाव असतो, आणि सिग्निफिकंट निकालाला दार लवकर उघडतं.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठा बदल सिनॉप्सिसच्या टप्प्यावर. दाढ हे एकक धरून, दाढांच्या सरासरीची एसडी ६ आणि इथे दिसला तसाच गटांतला फरक पकडायचा तर ८० टक्के पॉवरसाठी (फरक खरा असला तर तो पकडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे १३ दाढा लागतात. म्हणजे ५२. त्यासाठी काड्या पाचऐवजी तीन केल्या असत्या तरी चाललं असतं, नमुने थोडेच वाढले असते. चार गटांत प्रत्येकी १३ दाढांच्या तीन-तीन काड्या म्हणजे १५६, इथल्या १६० पेक्षाही कमी. तीन काड्यांमुळे दाढेच्या सरासरीचा व्हेरिअन्स ३६ वरून ४२.५ वर जातो, म्हणून दाढा दोन-तीन वाढवाव्या लागतील, पण मशीनचं बिल फार हलत नाही.

दुसरं, दिवसाचा ब्लॉक. रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात रॉथमस्टेडच्या शेतांवर हेच केलं: जमीन सगळीकडे सारखी नसते, म्हणून शेताचे पट्टे पाडायचे आणि प्रत्येक पट्ट्यात सगळी खतं चिठ्ठ्या टाकून वाटायची. इथे पट्टा म्हणजे दिवस. रोज चारही एजंटची एकेक दाढ, क्रम चिठ्ठीने. मग पावसाळी हवा, हात बसणं हे सगळं चौघांच्या वाट्याला सारखं येतं, आणि टू-वे अनोव्हात दिवसाचा फरक वेगळा काढता येतो. याला पैसा लागत नाही, थोडी गैरसोय होते. चारही बाटल्या रोज काढाव्या लागतात.

तिसरं, सुटलेल्या काडीचा नियम आधी लिहून ठेवणं. शून्य धरायचं की वगळायचं यापेक्षा ते कापण्याआधी ठरलेलं असणं महत्त्वाचं. आणि एकाच रुग्णाच्या दोन अक्कलदाढा आल्या तर त्याची नोंद. इथे ती नव्हती, त्यामुळे ३२ दाढा म्हणजे ३२ रुग्ण होते की नाही हेही सांगता आलं नाही.

एक दिवसाचीच चाचणी पुरेशी होती का, यावर माझं मत विभागापेक्षा वेगळं आहे. बाँडचा खरा प्रश्न तो काही महिन्यांनी किती टिकतो हा असतो. प्रत्येक दाढेच्या काही काड्या एक दिवसाने आणि काही सहा महिने पाण्यात ठेवून तोडल्या असत्या, तर तीच दाढ दोन्ही वेळांना आली असती, आणि एजंट व काळ यांचा परस्परसंबंध बराच बारकाईने मोजता आला असता. थिसिसच्या वेळापत्रकात सहा महिने बसवणं अवघड, पण काड्या पाण्यात पडून राहतात तेव्हा कोणाला बसून राहावं लागत नाही.

विभागाच्या मास्टर चार्टच्या नमुन्यात आता दाढ क्रमांक, रुग्ण संकेतांक, बाँडिंगची तारीख, बाटली उघडल्याची तारीख आणि 'कापताना सुटली' असे पाच रकाने वाढले आहेत. पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्याने क आणि घ या दोनच एजंटचा अभ्यास दिवसवार ब्लॉक करून घेतला आहे. त्याच्या अक्कलदाढा अजून पुऱ्या जमलेल्या नाहीत.